न तापवलेली साके

ब्रुकलिन, ६ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन कट करतेस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हे कागदी पत्र. माझ्या मैत्रिणीने, नीनाने, टाकलेला फोटो तू पाहिलास. पेल्यात दारूच होती. ज्यूस म्हणून सांगता आलं असतं. पण बाबा तसंच सांगायचे, म्हणून नाही सांगत.

ऑफिसजवळच्या एका जपानी दुकानात वसंतात ताजी साके येते. तांदळाची जपानी दारू, न तापवलेली. तापवलेली नसल्याने ती जिवंत असते म्हणे. फ्रिजबाहेर राहिली की बिघडते. पहिल्या घोटाला खरबुजाचा वास आला, मग जिभेवर बारीक चुरचुर, आणि शेवटी चक्क आंबेमोहोर भात! आता दर शुक्रवारी नीना आणि मी तिथेच बसून एकेक पेला घेतो. मला आवडते, आई. पुढच्या महिन्यात तुझ्या वाढदिवसाला येऊ ना?

राग कर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी कादंबरी

वेस्ट विंडसर, १० एप्रिल

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

दारू जिवंत असते हे मला शिकवू नकोस. ती आपल्याच घरात राहत होती. तुझे बाबा गेले तेव्हाच बाहेर पडली.

शाळा कधीची सुटलेली, तू पायरीवर बसून, आणि ते पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले. तू लहान होतीस, विसरली असशील. त्यांचाही शुक्रवारचा एकच पेला असायचा. मग गुरुवारचाही झाला. लिव्हर गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, रोज किती घेत होते? मला ठाऊकच नव्हतं.

सोडलंस की ये. तोवर वाढदिवस राहू दे.

अजून गारठा आहे, कोट घालत जा.
तुझी आई

ब्रुकलिन, १५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं. ती पायरी मी विसरलेले नाही. मलाही भीती वाटते. म्हणूनच मी एकटी कधी पीत नाही, बाटली घरी आणत नाही. पण सोडली असं खोटं सांगून तुझ्या ताटावर बसणार नाही.

पंचवीस तारखेला, शुक्रवारी, प्रिन्सटन जंक्शनहून ट्रेन पकडून ये. त्या दुकानात माझ्याशेजारी बस आणि बघ. तुला माझ्यात बाबा दिसले, तर तिथेच सांग. मी पेला ठेवून उठेन आणि पुन्हा कधी जाणार नाही.

येशील या आशेवर,
तुझी कादंबरी

वेस्ट विंडसर, २६ एप्रिल

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

काल स्टेशनवर धड बोलले नाही, म्हणून लिहिते. दुकानात मी तुझ्याकडे बघतच नव्हते, पेल्याकडे बघत होते. तो हसरा दुकानदार, हा आमच्याकडून, असं म्हणत दुसरा पेला भरायला आला, तेव्हा मी उठायला पर्स उचलली. तू पेल्यावर हात ठेवलास, थँक यू म्हणालीस आणि नीनाच्या लग्नाचं सांगत राहिलीस. जणू काही घडलंच नाही. तुझ्या लेखी घडलंच नव्हतं.

बाबा दिसले नाहीत मला. भीती गेलेली नाही, पण ती माझी आहे. तिचं मी बघेन.

आणखी एक. तू बिल द्यायला उठलीस, तेव्हा तुझ्या पेल्यात उरलेला घोट मी घेतला. तुझे बाबा इतका आग्रह करायचे, पण मी कधी ओठाला लावली नव्हती. छान होती गं. इतकी वर्षं वाटायचं, आपल्या दोघींपेक्षा त्यांना काहीतरी घाणेरडं प्यारं होतं. ते घाणेरडं नव्हतंच. परतताना ट्रेनमध्ये सगळ्यांदेखत रडले.

वाढदिवसाला नीनालाही घेऊन ये.
तुझी आई