फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा

लाडके ओडेसा,

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? इथल्या खिडकीतून आपले डोंगर दिसत नाहीत, म्हणून शाळेतली डोंगरांची कविता पुटपुटत बसतो.

आपला क्लेटस रविवारी माझी फोर्ड शर्यतीत उतरवणार म्हणतेस. अगं, चोरट्या दारूचं ओझं पेलायला मी तिच्या मागं जाड स्प्रिंगा घातल्यात. रिकामी असली की ती शेपूट वर करते, वळणावर उलटेल! कोठडीतला डेलबर्ट हसला, "म्हातारबा, त्या शेपटीवरूनच पोलिसांनी तुला हेरलं ना!"

बापानं बसवल्या म्हणून पोरगं त्या काढायचं नाही. तू काढायला लाव.

आज गुरुवार. पत्र आधी तुरुंगाचे साहेब वाचतात, मग टपालात टाकतात. रविवारच्या आत मिळेल ना गं?

भिंतीआडून तुझाच,
हायरम