सीतेची वेणी आणि माझं झकास

शेतातली वस्ती, करमाळा
४ मे, सोमवार

लाडक्या राजनंदिनीस सारजाआजीचा आशीर्वाद.

कोण आजी म्हणून डोकं खाजवू नकोस. जिनं तुला न्हाऊ-माखू घातलं आन् जिला फोन करायचं तू दोन ऐतवार विसरलीस, ती. कोकणात शिकाय गेलीस, तिथली समदी झाडं नावानिशी वळखतीस, मग ह्या जुन्या बाभळीचाच इसर कसा पडतो?

हितं समदी खुशाल. तुझा बाप बिभीषण उसाला पाणी देतोय, आई पापड लाटतीय. अक्षर शेजारच्या बनाबाईचं हाय. फोन का न्हाय, तर तुझा बाप तो मोठ्या आवाजात लावतो आन् कोंबड्यासुदा ऐकत बसत्यात.

तर तुझी ती सीतेची वेणी, फुलांचं रोप. दिवाळीला तू आंब्याच्या फांदीला बांधून गेलीस. म्हणालीस, "आजी, हिला माती नको. झाडावर बसती, पर झाडाचं खात न्हाय. हवेतली ओल मुळांनी पिती." मला वाटलं, शिकून पोरगी येडी झाली. मातीबिगर कोण जगलंय? तू गेल्याबरोबर सोडवली, काळी माती आन् शेरडाचं लेंडीखत घालून कुंडीत पुरली. रोज तांब्याभर पाणी. तू फोनवर इचारलंस, मी म्हणलं, "झकास."

संक्रांतीला पानं पिवळी पडली. उपसून बघितलं, तर ती दोरीगत पांढरी मुळं काळी, बुळबुळीत. बनाबाईनं सडकं कापलं आन् माझ्या लुगड्याच्या चिंधीनं ती परत आंब्याला बांधली. दोनच मुळं राहिली हुती.

बनाबाई इचारती, "दुसरं झकास पण लिहू का?" लिही बाई.

होळीला न्हाताना डाव्या छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. आता सुपारीएवढी हाय. दुखत न्हाय, म्हणून गप बसले. तू इचारलंस, तवा बी झकासच म्हणलं. गेल्या आठवड्यात कमळाभवानीच्या देवळात जातो सांगून बनाबाईनं मला डॉक्टरीणबाईकडं नेलं. तिनं चिठ्ठी लिहून दिली, म्हणाली, सोलापूरला गाठीचा तुकडा काढून तपासायचा. एकोणीस तारीख, मंगळवार.

घरात कुणाला ठाव न्हाय. बिभीषणला सांगाय तोंड उघडते आन् "चहा घे" म्हणते. लई चहा पितोय बिचारा. साप शेपटीला धरून फेकलाय मी, पर त्या चिठ्ठीला हात लावत न्हाय. पिठाच्या डब्याखाली दडवलीय. भ्या वाटतंय गं. तू ये आन् बापाला तूच सांग.

वेणीला काल नवं मूळ दिसलं, टोक हिरवं. ऊन लई हाय, म्हणून ओलं गोणपाट बांधलंय. तुरा कवा येतो, ते तू सांगितलं न्हाईस.

खाली अंगठा माझा. पसरलाय, शाईचा दोष न्हाय.

तुझी,
सारजाआजी

आन् व्हय, तू तिकडं शिकलीस त्या घावनांची वासना झालीय. डब्यात घालून पाठवू नकोस, निवली की चामड्यागत लागत्यात. तांदळाचं पीठ घे, अठराच्या आत ये आन् हितं माझ्या चुलीवर, माझ्या म्होरं घाल.