विमानात पत्नीचा आवाज येत असल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विमान प्रशिक्षण केंद्र

विषय : रेडिओ प्रक्षेपण केंद्राकडे जाणारे तक्रारपत्र थांबवून हेडफोनच्या वायरी बदलण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : वैमानिकांच्या तोंडी तक्रारी व हशा.

महोदय,

१. अर्जदार आपल्याकडे विमानांचे रेडिओ दुरुस्त करतो, निदान तसा त्याचा समज आहे. लहान विमान रेडिओ केंद्राच्या प्रक्षेपण मनोऱ्याजवळून गेले की नियंत्रण कक्षाच्या सूचनांवर दुपारचा घरगुती गप्पांचा कार्यक्रम चढतो. तो अर्जदाराची पत्नी सादर करते. त्यात "आमचे हे" म्हणून ज्यांचे किस्से येतात, ते हेच. पालीला भिऊन हे स्टुलावर चढले, हे आता तमाम वैमानिकांस ठाऊक आहे.

२. अर्जदाराने रेडिओ बदलला, अँटेना बदलली, पुन्हा रेडिओ बदलला. विमाने ठेवायच्या पत्र्याच्या हँगरमध्ये लहरी शिरत नसल्याने तेथे सर्व ठीकच चाले, व "दोष आढळला नाही" असे लिहून अर्जदार हात झटके. वर जाऊन ऐकावे हे सुचले नाही असे नाही. त्यास विमानाची भीती वाटते.

३. काल एका विद्यार्थिनीस "उतरू नका, धावपट्टीवर गाडी आहे" ही सूचना ऐकूच आली नाही. उड्डाण शिकवणाऱ्या बाईंनी गाडी पाहून ऐनवेळी विमान वर घेतले, म्हणून निभावले. आता आपण तो कार्यक्रमच बंद करावयास लिहिणार, हे अर्जदारास कळले. मुले मोठी झाल्यावर पत्नीस मिळालेले हे पहिले काम आहे आणि ती त्यात रमली आहे. सबब अर्जदार आज जीव मुठीत धरून विमानात बसला.

४. मनोऱ्याजवळ बाईंनी रेडिओ बंद करावयास सांगितले. केला. पत्नी बोलतच राहिली. अर्जदार घरीही तिचे बोलणे ऐकल्यासारखे करून पेपर वाचत असल्याने, यात काही विशेष आहे हे त्याच्या उशिरा ध्यानात आले. रेडिओ बंद असता आवाज येतो, अर्थात तो हेडफोनच्या जुनाट वायरींतून शिरतो. म्हणजे दोष प्रक्षेपणाचा नसून विमानाचा, व पर्यायाने अर्जदाराच्या अकलेचा आहे. जाळीचे आवरण असलेल्या वायरी टाकल्यास तो जाईल.

५. तिचा आवाज विमानात येतो, हे अर्जदाराने लाजेकाजेस्तव घरी सांगितलेले नाही; आज विमानात बसणार, एवढेच सांगितले होते. तरी तेवढ्यात ती म्हणाली, "आमचे हे आज घाबरत घाबरत विमानात बसलेत. नीट खाली या म्हणजे झालं." अर्जदारास रडू आले, ते बाईंनी पाहिले. वायरी बदलल्यावर वर असे काही पुन्हा ऐकू येणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे.

तरी मंजुरी आजच द्यावी.

आपला नम्र व सुखरूप उतरलेला,
(सही)
रेडिओ दुरुस्ती विभाग
दिनांक : पहिल्या उड्डाणाचा