न चाललेल्या ओळी

१० सप्टेंबर
पुन्हा शून्य! बोंडअळीच्या इशाऱ्याचा जो मेन कोड, त्याचंच कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये किती टक्के ओळी चालल्या थे, शून्य. टेस्ट धडाधड पास होऊन राह्यल्या, पण त्यात कोणती ओळ चालली, कोणती नाही, काही पत्ता नाही. दर तालुक्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, अन् कव्हरेज पाह्यते फक्त मेन प्रोसेस. पुण्याहून सर : "ऐंशी टक्के दाखव, नाहीतर यंदा इशारे बंद." या आठवड्यातच.

११ सप्टें.
बाकीच्या प्रोसेसही मोजाव्या म्हणून सेटिंगमध्ये मल्टिप्रोसेसिंग टाकलं. तरी शून्यच. डोकं फुटायची पाळी.
दादा वावरातून आला. कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग पडून राह्यले म्हणे. "तुहा मेसेज आला की फवारतो."
मागच्या वर्षीही असाच वाट पाहत बसला. मेसेज आलाच नाही. बोंडं फोडली तं आत गुलाबी अळी. खामगावच्या जिनिंगवाल्यानं कापूस हातात घेऊन परत टाकला. घरात मले कोणी शब्दानं बोललं नाही. त्याचाच जास्त त्रास होते.

१२ सप्टें.
सापडलं!! कोणती ओळ चालली याची नोंद प्रत्येक प्रोसेस स्वतः संपता संपता फाइलीत टाकते. अन् आमचा कोड उत्तर हातात पडलं की तिले लगेच मारून टाकते. अरे, नोंद करायपुरता तं जीव राहू द्या! आता आधी क्लोज, मंग जॉइन. तिचं तिले संपू दिलं. फाइली जमल्या. उद्या सगळ्या एकत्र करून रिपोर्ट.

१३ सप्टें.
ब्याऐंशी टक्के! आनंदानं रडूच आलं. सरांचा फोन, "झालं ना, आजच चालू करतो."
मंग लाल ओळी पाह्यल्या. लाल म्हणजे एकदाही न चाललेल्या. सापळ्यात पतंग वाढले की शेतकऱ्याले मेसेज जाते, तीच जागा. सारी लाल. एकाही टेस्टनं तिथं पाय ठेवला नाही.
सरांले सांगितलं.
"टक्के भरले ना? मग कशाला उकरतेस?"

१४ सप्टें.
त्या ओळींची टेस्ट लिहिली. फेल. काऊन फेल, समजून नाही राह्यलं. इशारे तं कालच चालू झाले...
दादाले म्हटलं, मेसेजच्या भरवशावर राहू नको, बोंडं फोडून पाह्य.
"मंग तू थे कायले बनवून राह्यली वं?"

टेस्ट पुन्हा लावली. दादा ओट्यावर बसून आहे, फवारणीचा पंप जवळ ठेवून. मघाशी त्याचा मोबाइल वाजला, दोघांनीही झडप घातली.
रिचार्जचा मेसेज होता.