मनगट वगळता सर्व क्षेम

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला कमी झाला का? इकडे मनगट वगळता सर्व क्षेम. मनगट तुमच्या भावाचं, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (रागानं नव्हे, प्रेमानं; पण देत नाही).

पहिली गोष्ट, ते शिडीवरून पडले हे खरं नाही. जन्मभर पाट्या रंगवल्या, उंच उंच शिड्या चढले, कधी पाय घसरला नाही. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या दारावर ‘पायरी आहे, जपून’ असं लिहिलं, अक्षरं सरळ आलीत का ते बघायला मागे सरकले आणि त्याच पायरीवरून पडले. उजवा हात टेकला नि मनगटाचा चुरा झाला. दातवाले डॉक्टर धावत बाहेर आले, तर त्यांनी न सांगताच ह्यांनी भलामोठा आ केलेला.

मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. ऑपरेशन छान झालं, हाडही जुळलं. पण दुखणं काही हलेना, आणि दुखतंय म्हणून हे हात हलवेनात. हात हलवायची परवानगी कधीच मिळाली होती, तरी तो दिवसभर उशीवर. जावयाला बसवावं तसा बसवलेला. मान द्यायचा, काम सांगायचं नाही.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बिचारे समजुतीनं सांगत होते की अशा ऑपरेशननंतर बहुतेकांचं दुखणं हळूहळू ओसरतं, पण काहींचं रेंगाळतं. कुणाचं? तर सुरुवातीला ज्यांना फार दुखलं त्यांचं, आधीपासून दुसरं काही दुखत असलेल्यांचं, झोप नसलेल्यांचं, काळजी करणाऱ्यांचं, आणि हात हलवायला घाबरणाऱ्यांचं. वन्सं, तुमचा भाऊ प्रत्येक वाक्याला डावा हात वर करत होता, वर्गात हजेरी चालल्यासारखा. (कंबरदुखीच्या वेळी तर जरा अभिमानानंही.) डॉक्टर म्हणाले, अहो, हे भविष्य नाही, ह्या नुसत्या शक्यता. शिवाय झोप, काळजी, भीती, ह्यांचं काय करायचं ते बरंचसं आपल्या हातात असतं.

“कोणत्या हातात?” ह्यांनी विचारलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंज दिला होता, दाबायला. त्यानं मी कपबश्या धुतल्या.

ह्यांना खरं भय दुखण्याचं नव्हतंच. एकदा जेवताना, ताटाकडे बघत, म्हणाले की हात हलवला आणि अक्षर वाकडं आलं तर? न हलवलेल्या हाताचं अक्षर निदान वाकडं नसतं.

बेकरीवाल्या बाईंची पाटी अर्धी राहिली होती. बाई चांगल्या, तगादा लावायच्या नाहीत, नुसत्या डोकावून सुस्कारा टाकायच्या. त्या सुस्काऱ्यांना कंटाळून मीच ब्रश घेतला आणि ‘बिस्किटे’ लिहायला बसले. दोन्ही वेलांट्या दीर्घ काढल्या आणि वरची रेघ डोंगर चढायला लागली. खुर्चीतून सूचना सुरू झाल्या. मग विनवण्या. मग हे उठले, माझ्या हातून ब्रश काढून घेतला, चिंधीनं माझा पराक्रम पुसला आणि रेघ ओढली. उजव्या हातानं. अर्ध्यावर दोघांच्याही लक्षात आलं.

“दुखतंय,” ते म्हणाले. आणि जरा वेळानं, “थांब, ‘टे’ राहिलाय.”

रेघ किंचित थरथरली आहे. बेकरीवाल्या बाईंना ती नक्षी वाटली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्पंज मागितला. मला नवा आणावा लागला.

भावोजींना नमस्कार.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. माझ्या युक्तीचं सगळे कौतुक करतात. युक्ती वगैरे काही नव्हती. मला खरंच तसंच लिहिता येतं.

ता. क. २. पत्र लिहिलं ते ह्यासाठी. वन्सं, रोज फोन करा, पण ‘दुखतंय का’ विचारू नका. आणि तुमच्या शेजारणीचं मनगट कसं कायमचं गेलं, ते तर मुळीच नको. तुमचा फोन झाला की हात पुन्हा उशीवर जातो.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितोय, अक्षरावरून ओळखलं असशीलच. तू विचारत जा. ह्या घरात ‘दुखतं’ म्हणायला बंदी झालीय, आणि संध्याकाळी अजून दुखतं. कुणाला तरी सांगितलं की बरं वाटतं. शेजारीण तेवढी वगळ.

ता. क. ४. वाचलं. बरं, विचारा. आणि कधीतरी फोन माझ्याकडे द्यायला सांगून मलाही विचारा. मी ठीक आहे असंच म्हणेन, तरी विचारा.