तुझ्या शेजारची खुर्ची

प्रिय चिमे,

काल फोनवर मी नुसतं 'बघते' म्हणाले आणि ठेवून दिला. तुला राग आला असणार. पण तू फोन स्पीकरवर ठेवून घरभर कामं करत फिरतेस, आणि मला जे बोलायचंय ते तुझ्या सासूबाईंच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हे पत्र. दुकानात बसूनच लिहितेय. गिऱ्हाईक नाही, मशीन बंद आहे, टीव्हीचा आवाज बारीक केलाय. सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुला तर्क करत बसायला नको. मी जळते. विहीणबाईंवर जळते. आजची गोष्ट नाही ही, पण गेल्या आठवड्यापासून तर पार कोळसा व्हायची वेळ आलीय.

तो शब्दांच्या कोड्यांचा कार्यक्रम मी किती वर्षं बघते हे तुला माहीत आहे. दुपारी शटर अर्धं ओढायचं, डबा उघडायचा आणि त्याच्यासमोर बसायचं. एकाच घरातली दोन माणसं जोडीनं बसतात, एकाला शब्द दिसतो, त्यानं तो न उच्चारता वर्णन करायचं आणि दुसऱ्यानं ओळखायचा. तू शाळेतून थेट दुकानात यायचीस तेव्हा चिंध्यांच्या ढिगावर बसून आपण दोघी हेच खेळायचो. मोठी झाले की आपण टीव्हीवर जाऊ, असं तू म्हणायचीस. लहान मुलं काय, तोंडाला येईल ते बोलतात. मीच खुळी, धरून बसले. निवड झाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा कुठला रंग टीव्हीवर उठून दिसेल इथपर्यंत माझा विचार पोचला होता. आणि पुढच्याच वाक्यात तू म्हणालीस, जोडीला सासूबाई आहेत. मी छान म्हणाले, अगदी तोंडदेखलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन मी उलटी शिवली.

मग तुमचे भाग लागायला लागले. अख्ख्या गल्लीला मीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दुकानात ही गर्दी. त्या वर्णन करत होत्या, तू एकामागून एक शब्द ओळखत होतीस, आणि माझे कान कौतुक ऐकून किटले. शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा म्हणाला, आईलेकीचं कसं जमतं बघा. त्याला मी काय सांगणार, की आई इथे काज करत बसलीय. त्यात त्या निवेदिकेनं तुला विचारलं, इतके शब्द शिकवले कुणी. तू म्हणालीस, आमच्या आईंनी. मी सुई ठेवून मान वर केली, तर तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होतास. खोटं कशाला बोलू, तळपायाची आग मस्तकात गेली. तुझा पहिला शब्द, पहिला पडलेला दात, पहिलं खोटं, सगळं माझ्यासमोरचं. आणि श्रेय कुणाला, तर पहिल्याच भेटीत माझं बोलणं दोनदा दुरुस्त करणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंना.

तेव्हापासून मी कार्यक्रम बघतच नव्हते, मी फक्त त्यांना बघत होते. कुठे अडखळतात, कुठे चुकतात, कधी एकदा फजिती होते. आणि अडखळायच्याच नाहीत बाई. शिट्टी म्हटलं की ओठांचा चंबू काय, पंचांची ऐट काय, असं वर्णन की शाळेचं मैदानच उभं राहावं. तूही अर्ध्यात ओळखायचीस. मला सगळ्यात जास्त तेच लागत होतं. माझं बोलणं तर तुला हल्ली पूर्ण वाक्यातही कळत नाही.

परवाच्या भागात तुमच्या जागा बदलल्या. तू सांगायचं, त्यांनी ओळखायचं. उशी, कात्री, शिडी. किती सोपं करून सांगत होतीस तू. त्या हसत राहिल्या, बोटं हलवत राहिल्या, आणि एकही शब्द बाहेर पडला नाही. दिव्यांनी डोळे दिपले असतील असं तू घाईघाईनं म्हणालीस आणि लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण आनंदानं. झाली एकदाची फजिती. वाजवता वाजवताच हात थांबले माझे. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी तुझ्याकडे चष्मा मागितला होता. डोळ्यांवर घालायचं ते दे, असं म्हणाल्या होत्या. सगळे हसले, बाई आत्तापासूनच खेळायला लागल्या म्हणून. पण तेव्हा पडद्यावर शब्द कुठे होता? आणि मागे मी तुमच्याकडे आले होते तेव्हाही त्यांनी दाराचं ते फिरवायचं मागितलं, आणि तू वर न बघता किल्ली दिलीस. मी घरी येईपर्यंत धुमसत होते, की काय बाई यांचं गूळपीठ. तुम्ही इतक्या पुढे कशा गेलात ते मला परवा कळलं, चिमे. तुमचा सराव घरी रोज चालू आहे.

तुझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. ती प्रत्येक वस्तूला 'ते आपलं हे' म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो, तीही हसायची. डॉक्टरांकडे नेलं तोवर ती मला ताई म्हणायचीही विसरली होती.

आणि काल तू विचारलंस, आधीच्या गुणांवर अंतिम फेरीत पोचलोय, पण सासूबाई नको म्हणतात, दमल्यात, तू बसतेस का माझ्याबरोबर. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते आयतं दारात आलं, आणि मला 'बघते' म्हणावं लागलं. त्या दमलेल्या नाहीत गं, घाबरल्यात. आणि मला वाटतं, तेही तुला कळलंय, फक्त म्हणवत नाहीये. मी एवढंच लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आईचं पोट दुखतं म्हणून ती खोट काढते. म्हणून पोटदुखी आधी सगळी मांडली. जळणारं माणूस फार बारकाईनं बघतं. तुमच्या घरात त्यांच्याकडे इतकं निरखून दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे ने. जावईबापूंना तू सांग, त्यांच्या आईबद्दल माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही. त्या डॉक्टरकडे जायला नाही म्हणाल्या तर मला बोलाव, माझ्याशी भांडायच्या नादात तरी तयार होतील. आणि त्यांच्या मनात असेल तर त्या खुर्चीत त्यांनाच बसव, वर्णन करायला. ते त्यांना अजूनही माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी समोर लोकांत बसेन. जळेन तर खरंच, पण येईन.

तुझीच,
आई