अर्धा गिलास पाणी

मांडवगण फराटा

प्रिय सम्राट,

जय भीम. फोन केला की तू "आजी, मीटिंगमधी हाय" म्हणतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला मीटिंग नसती. अक्षर वाकडंतिकडं हाय, पण तुझ्या त्या डोंगरावरल्या रस्त्यापरीस सरळ हाय.

उन्हाळ्यात तू आन् मोनिका मला पुण्यात उतारावरचा फ्लॅट दाखवायला घेऊन गेलात, तवाच माझं तोंड कडू झालं होतं. नातसुनेचं तोंड बघून गप बसले. डोंगर कलिंगडागत फोडलाय, आन् त्या लाल खापेवर माशा बसल्यागत इमारती बसल्यात. फ्लॅट इकणारी ती टाय लावलेली पोरगी सारखी "आजी, व्ह्यू बघा" म्हणायची. बघितला. खालच्या लोकांच्या टाक्या आन् वाळत घातलेल्या चड्ड्या. टेबलावरचं सफरचंद उचललं तर प्लास्टिकचं. पाहुण्याम्होरं प्लास्टिक ठेवणाऱ्याकडनं घर घ्यायचं? रस्त्यावरनं दारात शिरलो तर म्हणं हा पाचवा मजला, बाकीचे पायाखाली दरीत. जमिनीला पाय लावावा म्हणून लिफ्टनं खाली गेले, तर तिथं मोटारी आन् गटाराचा वास. थू!

आपल्यात पोरगी द्यायच्या आधी त्या गावात वळख न दाखवता जायचं आन् दारात पाणी मागायचं. कसं देत्यात त्यावरनं घर कळतं. आन् जागा बघायची ती पावसात. उन्हाळ्यात सगळ्याच जागा शहाण्या दिसत्यात.

म्हणून परवा शेजारच्या हमीदाचा इनुस कांदा घेऊन पुण्याच्या मार्केटला निघाला, त्याच्या पिकअपमधी बसले. तुला कळवलं न्हाई. तू आधी फोन करून गालिचा अंथरायला लावला असतास. पाऊस तर नुसता ओतत होता. चढावर गाडीची चाकं जागच्या जागी फिराया लागली. इनुस म्हणाला, "आक्का, हितं माणसं राहत्यात का शेरडं?" मी लुगडं खोचलं आन् चालत निघाले. चिखलाचं पाणी असं खाली येत होतं, जणू डोंगरच घर सोडून निघालाय.

तुझ्या त्या फ्लॅटच्या शेजारच्या इमारतीत माणसं राहायला आलीत, तिथं गेले. दारं वाजवली. कुणी आतनंच "कोण पाहिजे" विचारलं, कुणी तेवढंबी न्हाई. एका बाईनं मात्र उघडलं. गिताबाई नाव, बोलायला गोड. मी पाणी मागितलं. तिनं अर्धा गिलास आणला. मी गिलासाकडं बघितलं, तशी ती खाली बघाया लागली. म्हणाली, "राग मानू नका आजी, पाऊस लागला की टँकर चढावर येत नाही. पिंपातलं पुरवून वापरतोय." भाईर पाणी जिने धुवून चाललंय आन् आत बाई घोट मोजतीय! तिची काय चूक? तिला हे घर गळ्यात मारणाऱ्याची किळस आली मला.

आता का लिहिते ते ऐक. रविवारी तू फ्लॅटच्या पैशासाठी हितली विहीर आन् तिच्याभोवतालचं रान इकायच्या कागदावर माझी सई घ्यायला येणार हायेस. तुझ्या आज्यानं ती विहीर का खांदली, हे त्यानं तुला सांगितलं न्हाई. मलाबी सांगायची हौस नव्हती. त्याच्या आईला गावच्या विहिरीपासनं लांब वंजळ धरून उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर वरनं ओतायचं, तेबी अर्धी वंजळ भरंल एवढंच. आपल्या विहिरीला पाणी लागलं तवा म्हातारी गुडघाभर पाण्यात उतरली ती वर येईचना. रडली बिडली न्हाई. नुसती पीत होती.

घर घे, न्हाई म्हणत न्हाई. भाड्याच्या खोल्या बदलून मोनिका वैतागलीय, दिसतंय मला. सई करीन म्हणाले होते, करीन. पण आधी भर पावसात दोघं चालत तिथं चढा आन् मोनिकाला त्याच दारात पाणी मागू दे. पुरा गिलास मिळाला तर पेन घेऊन ये. न्हाई मिळाला, तर नुसतेच या. हितं पाणी हाय.

तुझीच,
डोंगर उतरून आलेली आजी,
आक्काबाई